न दिसणारे इंजिन आणि त्याची निगा

२०२४ च्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जात असताना ‘कार्यालयासाठी दोन संगणक’ अशी एक रक्कम आली. तेव्हा आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी उभे राहून विचारले, “मास्तर, रजिस्टर तर रोज उघडत होते, पावत्या निघत होत्या. चालत्या गोष्टीला हात कशाला लावला?” प्रश्न रास्त होता. ट्रस्टचा पैसा हा दहा घरांतून गोळा झालेला पैसा, त्याचा हिशेब मागणे हा सभासदाचा हक्कच आहे. मी उभा राहिलो आणि “काका, आतले इंजिन जुने झाले होते, ते बदलावे लागले,” एवढे म्हणून खाली बसलो. ते उत्तर त्यांना पटले नाही. घरी जाताना विचार केला, तेव्हा माझे मलाही ते पुरेसे वाटले नाही. आता या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने चार पाने देऊ केली आहेत, तर ते अपुरे राहिलेले उत्तर येथे सविस्तर द्यावे, असा या लेखाचा हेतू आहे.

मी गणिताचा शिक्षक. संगणकाची विद्या मी गरजेपुरती शिकलो. त्यामुळे जे मला समजले ते मला जसे समजले तसेच सांगतो. जाणकारांना यात प्राथमिक वाटेल असे बरेच आहे, त्यांनी क्षमा करावी.

१. रजिस्टरच्या पोटात काय आहे?

२०२० च्या टाळेबंदीत कार्यालय बंद पडले आणि शिष्यवृत्तीचे अर्ज कोठे नोंदवावेत असा पेच आला. त्या वेळी आपल्याच शिष्यवृत्तीवर शिकून अभियंता झालेल्या एका विद्यार्थ्याने एक छोटा प्रोग्रॅम करून दिला, आणि तोही एक पैसा न घेता. विद्यार्थ्याचे नाव, छायाचित्र, गुण, पालकांचे उत्पन्न, बँकेचा खाते क्रमांक, एवढी माहिती त्यात राहते आणि शेवटी मराठीत व कानडीत प्रमाणपत्र छापून निघते. त्यालाच आपण ‘रजिस्टर’ म्हणतो.

पडद्यावर चिन्ह दिसते, त्यावर टिचकी मारली की खिडकी उघडते. पाहणाऱ्याला तो इतर प्रोग्रॅमसारखाच एक प्रोग्रॅम वाटतो. वस्तुतः त्याच्या पोटात एक संपूर्ण ब्राउझर बसविलेला आहे.

ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण इंटरनेटवरील पाने पाहतो ते साधन. प्रत्येक पान हे मुळात लिहिलेला मजकूर असते. एचटीएमएलमध्ये आशय, सीएसएसमध्ये सजावट आणि जावास्क्रिप्टमध्ये हालचाल. ही झाली नाटकाची संहिता. संहिता वाचून ती रंगभूमीवर उभी करणारी मंडळी वेगळी असते. ब्राउझरमध्ये ते काम जो भाग करतो त्याला ‘इंजिन’ म्हणतात. अक्षरे कोठे बसवायची, चित्र कसे उलगडायचे, बटण दाबले की काय करायचे, हे सारे इंजिन ठरविते.

या इंजिनाची वंशावळ थोडक्यात सांगण्याजोगी आहे. केडीई या मुक्त संगणक प्रकल्पातील स्वयंसेवकांनी केएचटीएमएल नावाचे इंजिन १९९८ च्या सुमारास हाती घेतले. ॲपल कंपनीने त्यावरून आपले वेबकिट तयार केले आणि २००३ च्या जानेवारीत सफारी ब्राउझर जाहीर केला. २००८ मध्ये गूगलने क्रोम काढला, तो वेबकिटवरच. पुढे एप्रिल २०१३ मध्ये गूगलने वेबकिटची वेगळी शाखा काढून तिला ब्लिंक हे नाव दिले. ब्लिंक आणि त्याभोवतीचा सगळा उघडा साठा मिळून क्रोमियम हा प्रकल्प होतो. तो कोणालाही वापरता येतो.

त्याच २०१३ साली गिटहब कंपनीत ॲटम नावाच्या लेखन-प्रोग्रॅमसाठी एक चौकट तयार करण्यात आली. आधी तिचे नाव ॲटम शेल होते, २०१५ मध्ये ते इलेक्ट्रॉन झाले. (पदार्थविज्ञानातील कणाशी याचा संबंध नाही.) या चौकटीत दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. पडदा रंगविणारे क्रोमियम ही एक, आणि संगणकावरील फायली, छपाई, डिस्क यांपर्यंत पोचणारे नोड ही दुसरी. प्रोग्रॅम करणाऱ्याने फक्त पाने लिहावीत, बाकीचे चौकट पाहते. शिवाय एकच लिखाण विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. स्लॅक, सिग्नलची संगणकावरील आवृत्ती, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे व्हीएस कोड हे सर्व याच चौकटीवर उभे आहेत. आपले चिमुकले रजिस्टरही त्याच कुळातले.

२. आड आणि नळ

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आपल्या संगणकातील क्रोम ब्राउझर आपला आपण अद्ययावत होतो. रजिस्टरच्या पोटातील क्रोमियम तसे होत नाही. ज्या दिवशी प्रोग्रॅम बांधला त्या दिवशीचे इंजिन त्यात जसेच्या तसे राहते. एका संगणकावर असे पाच प्रोग्रॅम असतील तर तेथे पाच क्रोमियम असतात, प्रत्येकाचे वय निराळे.

जुन्या बेळगावातील घरांची ज्यांना आठवण आहे त्यांना हे चटकन कळेल. घरातला आड आपल्या हक्काचा असतो. नळाला पाणी येवो न येवो, आडाला असते, आणि त्याची चव एका रात्रीत बदलत नाही. परंतु गाळ काढणे, पाण्यात औषध टाकणे हे काम घरमालकाचे. नळाच्या पाण्याची काळजी नगरपालिका घेते, पण एखाद्या दिवशी पाण्याला वास आला तर आपल्या हाती काही नसते.

इलेक्ट्रॉन हा आडाचा मार्ग आहे. नळाचा मार्गही आहे. विंडोजमध्ये वेबव्ह्यू२ नावाचे सामाईक इंजिन मिळते, ते आपोआप अद्ययावत होत राहते आणि अनेक प्रोग्रॅम तेच वापरतात. टौरी नावाची चौकट संगणकात आधीच असलेल्या इंजिनावर काम चालविते. त्यामुळे प्रोग्रॅम आकाराने लहान राहतो. मात्र विंडोजवर एक इंजिन, मॅकवर दुसरे, असे होऊन त्याच पानाचे रूप थोडे थोडे पालटते. दोन्ही मार्गांत गुण आहेत, दोन्हींत दोष आहेत. मात्र ज्याने आड खणला त्याने गाळ काढण्याचे कामही पत्करले, हे त्याने पहिल्याच दिवशी ध्यानात घ्यावयास हवे. आम्ही ते घेतले नव्हते.

आपल्या रजिस्टरमध्ये इलेक्ट्रॉनची ९ वी आवृत्ती होती. ती मे २०२० मधली, तिच्यात क्रोमियम ८३. इलेक्ट्रॉनच्या मंडळींचा नियम असा की सर्वांत ताज्या तीन मुख्य आवृत्त्यांचीच दुरुस्ती करावयाची. मार्च २०२१ मध्ये १२ वी आली आणि ९ वी त्या तिघींच्या बाहेर पडली. म्हणजे आपले रजिस्टर वर्षाचेही झाले नव्हते, तोच त्याच्या इंजिनाला कोणी वाली उरला नाही. रजिस्टर मात्र रोज उघडत होते. पुढची तीन वर्षे ते तसेच उघडत राहिले.

३. एका चित्राची गोष्ट

“उघडत होते ना, मग बिघडले कोठे?” याचे उत्तर सप्टेंबर २०२३ मधील एका घटनेत आहे.

वेबपी हा चित्रे साठविण्याचा एक प्रकार आहे, गूगलने २०१० मध्ये तो पुढे आणला. चित्र म्हणजे लक्षावधी ठिपक्यांची जंत्री. ती जशीच्या तशी ठेवली तर फार जागा लागते. म्हणून जो रंग वारंवार येतो त्याला आखूड संकेत आणि जो क्वचित येतो त्याला लांब संकेत देतात. तारायंत्राच्या लिपीतही हीच युक्ती होती. इंग्रजीत सर्वांत जास्त येणारे ई हे अक्षर तेथे एका टिंबात भागते. असे संकेत कमीत कमी जागेत कसे बांधावेत याची रीत डेव्हिड हफमन यांनी १९५२ च्या आपल्या लेखात दिली. ती आजही वापरात आहे.

चित्र उलगडताना इंजिनाला त्या संकेतांचा तक्ता मांडावा लागतो. वेबपी उलगडणाऱ्या भागात या तक्त्यासाठी आधीच हिशेब करून जागा राखून ठेवलेली होती. पण कोणी मुद्दाम वेडावाकडा तक्ता चित्रात घातला तर राखलेली जागा अपुरी पडे, आणि प्रोग्रॅम न थांबता पुढच्या, दुसऱ्याच्या जागेत लिहीत सुटे. शेजारच्या जागेत काय लिहिले जाते यावर ताबा मिळविला, की नुसत्या एका चित्राच्या साहाय्याने प्रोग्रॅमकडून भलतेच काम करून घेता येण्याचा धोका होता.

ॲपलच्या सुरक्षा विभागाने आणि टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने हा दोष ६ सप्टेंबर २०२३ रोजी गूगलला कळविला. ११ सप्टेंबरला गूगलने क्रोमची दुरुस्त आवृत्ती काढली आणि या दोषाचा गैरफायदा घेण्याची तजवीज कोणीतरी प्रत्यक्षात केलेली आहे, हेही सांगितले. दोषाच्या नोंदीचा क्रमांक सीव्हीई-२०२३-४८६३ असा आहे. क्रोम वापरणाऱ्या बहुतेकांच्या संगणकात ही दुरुस्ती त्यांच्या नकळत पोचली. परंतु इलेक्ट्रॉनवर उभ्या असलेल्या प्रोग्रॅमांना ती आपोआप पोचणे शक्य नव्हते. इलेक्ट्रॉनने २२, २४, २५ आणि २६ या आवृत्त्यांसाठी दुरुस्ती काढली, आणि मग प्रत्येक निर्मात्याने ती घेऊन आपापला प्रोग्रॅम नव्याने बांधून लोकांना द्यावयाचा, असा क्रम होता. ९ व्या आवृत्तीसाठी अर्थातच काही निघाले नाही.

आता आपल्या रजिस्टरमध्ये काय चालते ते पाहा. अर्जदार आपले छायाचित्र मोबाइलवरून पाठवितो आणि कार्यालयातील ताई ते रजिस्टरमध्ये चढवितात. “आम्ही फक्त जेपीजी घेतो,” असे मी मोठ्या विश्वासाने म्हणत असे. पण इंजिन फाइलच्या नावावर विसंबत नाही. ते तिच्या आरंभीचे काही आकडे पाहून प्रकार ठरविते. नावात जेपीजी असले तरी आत वेबपी असेल तर ते वेबपी म्हणूनच उलगडले जाते. म्हणजे माझा नियम दाराला लावलेल्या कागदी कुलुपासारखा होता.

भरीस भर म्हणून, सोयीसाठी पानांना थेट डिस्कपर्यंत पोचण्याची मोकळीक दिलेली होती. त्यामुळे पानात शिरलेला उपद्रव सरळ दप्तरखान्यात शिरला असता. त्या दप्तरात कोणाच्या घरातील मिळवता माणूस गेला, कोणाच्या आईचे उत्पन्न किती, पैसे कोणत्या खात्यात जातात, हे सर्व आहे. लोकांनी ते आपल्याला विश्वासाने सांगितले. प्रत्यक्षात काही अपाय झाल्याचे आढळले नाही, ही ईश्वराची कृपा. पण अपाय झाला नाही म्हणून आपण काळजी घेतली असे होत नाही.

४. नऊपासून तीसपर्यंत

मे २०२४ च्या सुट्टीत हे काम हाती घेतले. मूळ निर्माता आता परगावी नोकरीस आहे. त्याने रात्री फोनवर मार्ग सांगावा आणि मी दिवसा करावे, असा क्रम ठरला. एप्रिलमध्ये ३० वी आवृत्ती आली होती, तिच्यात क्रोमियम १२४. तेथपर्यंत पोचावयाचे होते.

प्रथम साऱ्या नोंदींच्या तीन प्रती काढल्या, त्यांतली एक कार्यालयाच्या तिजोरीत ठेवली. मग त्या प्रतींपैकी एकीवरून पुन्हा रजिस्टर उभे राहते का, ते करून पाहिले. प्रत काढणे पुष्कळजण करतात, पण ती परत उघडून पाहणारे थोडे. त्यानंतर इलेक्ट्रॉनच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर ‘यात जुने काय मोडेल’ अशी जी यादी निघते, त्या सर्व याद्या वाचल्या. एकदम ९ वरून ३० वर उडी मारावी असा मोह झाला होता. निर्माता म्हणाला, “सर, तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना, एका ओळीत दोन पायऱ्या गाळायच्या नाहीत म्हणून?” ते मानले आणि टप्पे पाडले.

पहिला टप्पा १२ वी आवृत्ती, मार्च २०२१ ची. येथून पान आणि दप्तर यांच्यामध्ये भिंत घालणे हा मूळ नियम झाला. पूर्वी आलेला माणूस सरळ दप्तरखान्यात जाऊ शके. आता मध्ये एक खिडकी, आणि खिडकीतून ठरलेलीच मागणी करावयाची, जसे ‘नाव शोधा’, ‘नोंद जतन करा’, ‘प्रमाणपत्र छापा’. आपल्या रजिस्टरसाठी अशा अकरा मागण्या लिहून काढाव्या लागल्या. सर्वांत जास्त दिवस यातच गेले. पण खरी सुरक्षितताही यातूनच आली.

दुसरा टप्पा १४ वी आवृत्ती. पानातून मुख्य प्रोग्रॅमचे हात परस्पर हलविण्याची ‘रिमोट’ नावाची एक जुनी सोय होती, ती या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. आपल्याकडे छपाईची खिडकी तिच्यावर अवलंबून होती, तीही मागणीच्या खिडकीतून नेली.

तिसरा टप्पा २० वी आवृत्ती, ऑगस्ट २०२२ ची. येथे पान ज्या खोलीत चालते ती खोलीच चारी बाजूंनी बंद करण्याचा नियम झाला. पाठोपाठ २१ व्या आवृत्तीत स्मरणाच्या वापरावर नवे बंधन आले. नोंदी साठविणारा आपला जोडभाग वेगळ्या भाषेत बांधलेला आहे. असा भाग इंजिन बदलले की त्याच्या मापाने नव्याने बांधावा लागतो. जुना जोडभाग बसेना, म्हणून त्याची नवी आवृत्ती आणून बांधली.

चौथा टप्पा २२ वी आणि २३ वी यांमधला. येथे संगणकांच्या खर्चाचे उत्तर आहे. २२ वी आवृत्ती कार्यालयातील जुन्या विंडोज ७ वर नीट चालली. फेब्रुवारी २०२३ मधली २३ वी त्याच संगणकावर उघडेचना. कारण असे की मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ची वाढीव दुरुस्तीसुद्धा जानेवारी २०२३ मध्ये थांबविली, क्रोमियमची १०९ वी आवृत्ती विंडोज ७, ८ आणि ८.१ वर चालणारी शेवटची ठरली, आणि इलेक्ट्रॉनच्या २३ व्या आवृत्तीत क्रोमियम ११० आले. जुन्या संगणकवाल्यांची अडचण ओळखून इलेक्ट्रॉनने २२ व्या आवृत्तीची मुदत १० ऑक्टोबर २०२३ पर्यंत वाढविली होती. वेबपीची दुरुस्ती तिला मिळाली ती त्यामुळेच. पण मे २०२४ मध्ये तीही मुदत टळून गेली होती.

तेव्हा तीन मार्ग उरले. पहिला, २२ वर थांबणे, म्हणजे पुन्हा वाली नसलेले इंजिन. दुसरा, जुन्या संगणकांवर लिनक्स घालणे. हा मार्ग बिनखर्चाचा, आणि इलेक्ट्रॉन तेथे चालतेही. पण आपले छपाईयंत्र तेथे काम देईना आणि स्मरणही अपुरे पडे. तिसरा, नवे संगणक घेणे. विश्वस्त मंडळाने तिसरा मार्ग पसंत केला. जुन्यांपैकी एका संगणकावर लिनक्स घालून तो वाचनालयात मुलांसाठी ठेवला आहे, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी येऊन पाहावे.

५. अक्षरांची परीक्षा

इंजिन बदलले की आकड्यांइतकीच अक्षरांचीही परीक्षा घ्यावी लागते. देवनागरीत अक्षरे नुसती एकापुढे एक ठेवून भागत नाही. जोडाक्षरे बांधावी लागतात, रफार मागच्या अक्षरावरून पुढच्याच्या डोक्यावर न्यावा लागतो, ऱ्हस्व वेलांटी आधी काढावी लागते. क्रोमियममध्ये हे काम हार्फबझ नावाचा भाग करतो. उर्दू-फारसी जाणणाऱ्यांना या नावाची गंमत कळेल. ते ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे उघडे, या दोन फारसीतील शब्दांवरून पडले आहे. शेजार पाहून रूप बदलणारी उर्दूची अक्षरे, आपली जोडाक्षरे आणि कानडीचे खाली लोंबणारे ओत्तक्षर, तिन्हींची मांडणी हे एकच साधन करते.

आम्ही एक परीक्षेचा कागद तयार केला. त्यात ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ अशा जोड्या घातल्या. समुद्राचा ‘दर्या’ आणि डोंगरातील ‘दऱ्या’ यांत इंजिनाने गोंधळ केला तर ते मराठीला उपयोगाचे नाही. शिवाय ‘कुऱ्हाड’, ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘श्री’, ‘ॲ’, आणि रजिस्टरमधील अवघड अशी चाळीस आडनावे. प्रत्येक टप्प्यावर हा कागद छापून ताईंनी आणि मी जुन्या कागदाशी ताडून पाहिला. अक्षरांत कोठेही चूक आढळली नाही.

परंतु नव्या संगणकावर ३० वी आवृत्ती बसवून प्रमाणपत्र छापले, तो सचिवांच्या सहीची जागा दुसऱ्या पानावर गेली! मी लगेच इंजिनाला दोष दिला. निर्मात्याने फोनवर शांतपणे विचारले, “सर, एका वेळी किती गोष्टी बदलल्या?” बदलल्या होत्या दोन, इंजिनही आणि संगणकही. तेव्हा नव्या संगणकावर मुद्दाम २२ वी आवृत्ती बसवून पाहिली. सही तरीही दुसऱ्याच पानावर. म्हणजे दोष इंजिनाचा नव्हे. शोध घेता असे कळले की प्रमाणपत्राचा मजकूर जुन्या संगणकातील मंगल या फाँटच्या मापाने बसविला होता. नव्या विंडोजमध्ये मंगल मुळात नसतो, तो वेगळा मागवून घ्यावा लागतो. त्याच्या जागी निर्मला हा फाँट येतो, त्याचे माप वेगळे. मग एक मुक्त फाँट रजिस्टरच्या आतच बांधून दिला आणि सही आपल्या जागी आली. दोन कारणे एकत्र बदलली तर परिणाम कोणाचा हे सांगता येत नाही, हा प्रयोगशाळेतील धडा मी वीस वर्षे शिकवितो. तो स्वतः विसरलो, हे येथे कबूल करतो.

शेवटी लगेच सर्वांना नवे रजिस्टर दिले नाही. आधी एका संगणकावर पंधरा दिवस नवे, दुसऱ्या संगणकावर जुने, आणि दोन्हींत त्याच नोंदी. दोन्हींच्या बेरजा जुळल्या तेव्हाच जुने बंद केले.

६. काम संपत नाही

जूनमध्ये शाळा उघडली आणि मला वाटले, सुटलो. ऑगस्ट २०२४ मध्ये ३२ वी आवृत्ती आली. तिच्यात निवडलेल्या फाइलचा पत्ता पानाला परस्पर कळण्याची एक जुनी सोय काढून टाकली होती. आपले छायाचित्र चढविण्याचे बटण नेमके तिच्यावर चालत होते. पण या खेपेला एका दुपारचे काम पुरले. एकवीस आवृत्त्यांची थकबाकी फेडण्यास सबंध सुट्टी लागली, दोन आवृत्त्यांची फेडण्यास एक दुपार. व्याजाचे गणित ज्यांनी केले आहे त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये क्रोमियमने नव्या आवृत्तीचा काळ सहा आठवड्यांवरून चारांवर आणला, आणि इलेक्ट्रॉनने आपला आठ आठवड्यांवर. आठ आठवड्यांना एक आणि तीन आवृत्त्यांना आधार, या हिशेबाने एका आवृत्तीचे आयुष्य सहा महिन्यांपेक्षाही कमी भरते. म्हणून आम्ही ठरविले आहे की दर तिमाहीच्या हिशेबाबरोबर रजिस्टरचे इंजिनही पाहावयाचे. मोठा दोष जाहीर झाला तर मात्र तिमाहीची वाट पाहावयाची नाही.

वाचकांपैकी बहुतेकांना प्रोग्रॅम बांधावयाचा नाही, पण तो वापरावयाचा आहे. त्यांच्यासाठी तीन गोष्टी सांगतो. संगणकावरील एखादे ॲप ‘नवी आवृत्ती तयार आहे, पुन्हा सुरू करा’ असे म्हणाले तर ‘नंतर’ म्हणून दिवस काढू नयेत. पुष्कळदा ती सूचना नव्या शोभेसाठी नसून आतल्या इंजिनाच्या दुरुस्तीसाठी असते. दुसरे, जे ॲप वर्षानुवर्षे अद्ययावत झाले नाही, ते चालते म्हणून त्यावर विसंबू नये. तिसरे, विंडोज ७ असलेला संगणक पैशाच्या आणि कागदपत्रांच्या कामास वापरू नये. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता काकांच्या प्रश्नाचे उत्तर. काका, रजिस्टर चालत होते हे खरे. पण आपल्याला ते नुसते चालावयास नको होते. लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी त्यात सुखरूप राहावयास हव्या होत्या. ते काम जुने इंजिन करू शकत नव्हते, आणि नवे इंजिन जुन्या संगणकावर बसत नव्हते. खर्च झाला तो एवढ्यासाठी.

आणि एक विनंती विश्वस्त मंडळास. इमारत बांधताना देणगीदार मिळतात, त्यांची नावे संगमरवरावर लागतात. कौलांच्या डागडुजीला कोणी नाव लावीत नाही, म्हणून त्या कामाला पैसेही मिळत नाहीत. रजिस्टरचेही तसेच आहे. ते आपल्याला फुकट मिळाले, म्हणून त्याची निगाही फुकट होईल असे आपण धरून चाललो. पुढील अंदाजपत्रकात ‘संगणक व रजिस्टरची निगा’ अशी एक छोटी ओळ दरवर्षीसाठी घालावी. रक्कम थोडी असली तरी चालेल, ती दरवर्षी असावी. मी आहे तोवर हे काम करीन, पण ते एका मास्तरच्या सुट्टीवर अवलंबून राहू नये. दर शनिवारी दुपारी चार वाजल्यानंतर मी कार्यालयात असतो. ज्या मुलामुलींना हे शिकावयाचे असेल त्यांनी यावे. परीक्षेचा तो कागद अजून कपाटात आहे, त्यावर स्वतःचे आडनाव लिहून आरंभ करावा.